हिरव्या रंगाखालची पुट्टी

टक्! वर स्वयंपाकघरात फ्रिजवरचा मासा पडला. मासा म्हणजे घरातल्या छोट्या जाईचं आवडतं चुंबक. सकाळपासून घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, म्हणून खाली गाळ्यात उभ्या असलेल्या मलाही तो आवाज ऐकू आला.

मित्रांनो, मी एक जुनी, दोन जणांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. जन्म इंग्लंडचा, मुक्काम नवी मुंबईतल्या शिरवणे गावचा. कुणा हौशी साहेबानं मला बोटीनं आणलं, हौस फिटल्यावर विकलं. हात बदलत बदलत मी कळंबोलीच्या लोखंडबाजारात पोचले. भंगाराच्या काट्यावर मला चढवलंही होतं. तेवढ्यात जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यातले फिटर धर्मराज पुढे आले. "ही तोडायची नाय. ही माझी हाय," म्हणाले आणि टेम्पोत घालून मला घरी घेऊन आले.

नऊ वर्षं ते माझ्यावर राबले. खाडीची खारी हवा पत्रा कसा खाते, हे मिठागरात वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. मुलाला, रूपेशला, ते म्हणत, "पोरा, जिथं दिसत नाय, तिथं दोन हात जास्ती लाव." मग ते गेले. गर्द हिरवा रंग रूपेशनं दिला. लोक फोटो काढायला थांबू लागले. मला किती बरं वाटायचं!

आता हे घर पाडून इमारत होणार आहे. महिनाअखेर गाळा रिकामा करायचा. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पुन्हा कळंबोली. तो काटा मी विसरलेले नाही.

आणि एक गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती. माझ्या दाराखालची पट्टी आतून गंजली होती. टप नसलेल्या गाडीचा तो कणाच असतो. रूपेशनं घाईघाईनं त्या भोकात पुट्टी भरली, वर रंग मारला. त्याची बायको सुचिता टॉर्च धरून उभी होती. तिसरी मी.

त्याच दिवशी गिऱ्हाईक आलं. इंद्रजित नावाचे गृहस्थ. इंजिन ऐकून ते खूश झाले. "पहिल्याच रविवारी लेकीला शेजारी बसवून घाटातून नेणार," म्हणाले. रूपेशनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

तेवढ्यात जाई मासा घेऊन खाली आली. तिनं तो बॉनेटला लावला, चिकटला. दाराला लावला, चिकटला. मग ती दाराखालच्या पट्टीपाशी बसली. खरं सांगते मित्रांनो, मीही मनात म्हटलं, पोरी, तिथे नको!

टक्.

"आई, इथे चिकटतच नाही बघ."

"जाई, वर जा. कार्टून लाव," रूपेश म्हणाला.

"मासा निसटला वाटतं," इंद्रजित हसले.

सुचिता हसली नाही. "रूपेश, सांग त्यांना."

"तू टेन्शन नको ना देऊस आत्ता."

"त्यांची मुलगी बसणार आहे यात. टॉर्च मी धरला होता. तू नाही सांगितलंस, तर मी सांगते."

रूपेश माझ्या दारापाशी उकिडवा बसला. नखानं रंग खरवडत त्यानं सगळं सांगितलं. इंद्रजितांनी किल्ली माझ्या सीटवर ठेवली. "ते कापून नवा पत्रा लावा. मग फोन करा. बघू," एवढं बोलून ते गेले. बघू म्हणजे काय, कुणाला ठाऊक?

महिना संपायला नऊ दिवस उरलेत. रूपेशनं वडिलांचा ग्राइंडर काढला. मित्रांनो, जुन्या वस्तूला खुशाल चमकवा, पण आधी वाकून तिच्या खाली बघा.

पुट्टी निघाली. मुठीएवढं भोक उघडं पडलं. जाईनं त्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं, मग ती माझ्या दिव्यापाशी आली आणि कुजबुजली, "इथे दुखत होतं ना तुला? मग तू का नाही सांगितलंस?"