तुळसाबाईंच्या नावातला ळ

माझ्या अंगावर, तळापासून पाच-सहा मिलिमीटर वर, एक आडवी खाच आहे. टोक केलेली पेन्सिल तिच्यात जेमतेम टेकेल, एवढीच. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, पण अंगठ्याला लगेच लागते. जुळारी मला न पाहता उचलतो, खाच वरच्या बाजूला घेतो आणि ओळीत उभा करतो. माझे डोके कुठे आणि पाय कुठे, हे त्याला त्या खाचेवरूनच कळते.

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकायचा नव्हे, छापखान्यातला. आम्हाला जुळवून ओळी करतो तो जुळारी. माझ्या माथ्यावर एकच अक्षर आहे आणि तेही उलटे कोरलेले. ते अक्षर म्हणजे ळ.

नागपूरच्या एका फाउंड्रीत शिसे, कथील आणि अँटिमनी एकत्र वितळवून मला ओतले. शिशाने मला वजन दिले आणि अँटिमनीने कडा धारदार ठेवल्या. १९८० च्या उन्हाळ्यात गोंदियाहून छोट्या रेल्वेगाडीने मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आलो. माझ्यासोबत माझ्यासारखेच एकोणचाळीस भाऊ होते.

आम्हाला मागवण्याचे कारण साधे होते. छापखान्याचे मालक बंडोपंत यांचे साप्ताहिक हिंदी होते, पण त्याचे शेवटचे पान मराठी असे. गावातली मराठी घरे आणि तिरोडीकडचे शेतकरी अंक हातात आला की आधी मागचे पान उघडत. हिंदीच्या टाइपात ळ येत नाही, म्हणून आम्हाला वेगळे विकत घ्यावे लागले. केस म्हणजे खिळ्यांची खणाखणांची लाकडी पेटी; तिच्या एका कोपऱ्यातला खण आम्हाला मिळाला.

हिंदी पाने प्रेमलाल जुळवत असे आणि मराठी पान महागू. महागू तिरोडीजवळच्या खेड्यातला. त्याची बोटे इतकी चपळ होती की खणातून निघून ओळीत कधी उभा राहिलो ते मला समजतही नसे. एका वर्षी पोळ्याच्या अंकात आम्ही चाळीसजण कमी पडलो. तेव्हा त्याने शेवटच्या काही ओळींत ळ ऐवजी ल बसवला. पुढचे दोन महिने बाजारात लोक त्याला विचारत होते, “काहून महागूभाऊ, औंदा पोला भरला का पोळा?” तो हसून सोडून देई. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे मला तेव्हा कळले आणि फार बरे वाटले.

छापून झाल्यावर आम्हाला रॉकेलने धुऊन, ओळी मोडून, एकेकाला आपापल्या खणात परत ठेवण्याचे काम तुळसाबाईंचे होते. मी आलो त्याच वर्षी त्या कामाला लागल्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. सुरुवातीला त्या आमचा नुसता आकार पाहत आणि तसाच आकार ज्या खणात असेल तिथे आम्हाला ठेवत. चूक झाली की महागू सांगे, “बाई, हा ध होय, घ नोहोय.” मला हातात घेतल्यावर मात्र त्या क्षणभर थांबत. आपल्या नावात हे अक्षर आहे, असे त्यांना महागूनेच कधीतरी सांगितले होते.

पुढे दिवस पालटले. ऑफसेटवर छापलेली, स्वच्छ फोटोंची दैनिके सकाळच्या बसने येऊ लागली. कालच्या बातम्या आज मिळत असताना आठवड्याची वाट कोण पाहणार? जाहिराती आटल्या. बंडोपंतांनी आधी छापखान्याचा फोन काढून टाकला. मग सगळ्यांना बोलावून, खाली मान घालून, प्रत्येकाचा पगार चौथाईने कमी केला. महागू म्हणाला की पेज पिऊन तब्येत उलट चांगली राहते. कोणी हसले नाही, पण कोणी काम सोडूनही गेले नाही.

मराठी पान दोन आठवड्यांतून एकदा निघू लागले. माझ्यावर राखाडी पुटे चढू लागली. तुळसाबाई तेवढ्या कुंचल्याने आम्हाला झाडून ठेवत.

१९८७ मध्ये पुन्हा कपातीची वेळ आली. या वेळी पगार कापून भागणार नव्हते, एक माणूस कमी करावा लागणार होता. तो माणूस कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण खिळे परत लावण्याचे काम जुळारीही करू शकतो. तुळसाबाईंची मुलगी पुष्पलता तेव्हा दहावीत होती आणि घरात कमावणारे दुसरे कोणी नव्हते. दर शनिवारी बंडोपंत “तुळसाबाई...” अशी हाक मारत आणि त्या आल्या की पाणी मागत. असे तीन महिने चालले. महागू म्हणे, “भाऊसाहेबाले तुमाले पाहूनच तहान लागते, बाई.”

महागूचेही एक ठरत नव्हते. त्याच्या मेहुण्याने उकव्याच्या मँगनीज खाणीत त्याच्यासाठी हजेरी लिहिण्याचे काम पाहून ठेवले होते. पण तो गेला तर मराठी पान जुळवणार कोण? प्रेमलालला मराठी येत नव्हते. म्हणून तोही मेहुण्याला पुढच्या महिन्याचा वायदा देत राहिला.

शेवटी एका शनिवारी दुपारी बंडोपंतांनी पाणी मागितले नाही. त्यांनी हिंदीत टाइप केलेला एक कागद आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. तुळसाबाईंच्या डाव्या मुठीत तेव्हा मी होतो.

“काय लिहून आहे याच्यात?” त्यांनी विचारले.

बंडोपंतांनी हळू आवाजात वाचले. मी, तुलसाबाई, स्वखुशीने काम सोडत आहे, असा त्याचा अर्थ होता.

“हे माह्यं नाव नोहोय. तुलसा नाही, तुळसा. ळ पाह्यजे.”

“हिंदीत ळ नसतो, बाई.”

“मंग मराठीत लिहा. खणात इतके पडून आहेत न.” त्यांनी हात पुढे केला. “नाहीतर द्या, मीच लिहिते.”

त्यांनी पॅड बाजूला सारला, पेन घेतले आणि सावकाश पाच अक्षरे काढली. बंडोपंत कागदावर वाकले. शिरोरेषा खाली होती आणि अक्षरे तिच्यावर पाय वर करून उभी होती.

“ही कोणती लिपी?”

महागू उठून आला. त्याने कागद फिरवलासुद्धा नाही. “तुळसाबाई,” त्याने वाचले. “बरोबर आहे, भाऊसाहेब.”

मित्रांनो, खाच वर धरली की आम्ही ओळीत असेच दिसतो. डोके खाली, पाय वर. जुळारीला हे वाचायला शिकायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तुळसाबाईंना आमचे दुसरे रूप माहीतच नव्हते.

“कोनं शिकवलं तुमाले?” महागूने विचारले.

“कोन शिकवते? सात वर्सं तुमच्याच ओळी मोडून राह्यली न मी. तुमचं पुरं पान वाचते मी. छापलेलं वाचलं का मात्र गरगरते.”

बंडोपंतांनी कागद खालून वर उलटवला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मागच्या बाजूने ते नाव वाचले. दोनदा वाचले. मग त्यांनी कागदाची घडी घातली, पण ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

तुम्ही कधी कोणाचे नाव लिहाल, तेव्हा ते कसे लिहायचे हे आधी त्यालाच विचारा. वर्षानुवर्षे शेजारी बसून काम करणाऱ्या माणसाला काय काय येते, तेही विचारा. आम्ही खिळे बोलू शकत नाही, माणसे बोलू शकतात, पण कोणी विचारल्याशिवाय तीही सहसा बोलत नाहीत.

महागू आपल्या केसजवळ गेला. खिळे ओळीने लावायची जुळवणीची पट्टी त्याने फडक्याने पुसली आणि परत येऊन तुळसाबाईंच्या हातात दिली.

“भाऊसाहेब,” तो म्हणाला, “एक तारखेपासून मी उकव्याले जातो. मराठी पान आता ह्या जुळवतील.”