दोन तबकड्यांचा हट्ट

मंगळवारी ताडोबाची सफारी बंद असते. त्या दिवशी गाईड मुली केस धुतात, बाजार करतात, पोटभर झोपतात. मोहर्लीची दीपिका मात्र चंद्रपूरची बस धरायची आणि खुर्शीदाआपाच्या साऊंडच्या दुकानात जाऊन डीजेची यंत्रं नुसती बघत बसायची. रिसॉर्टवर नागपूरहून आलेल्या एका डीजेने तिला फिरत्या तबकडीवर एकदा बोट ठेवू दिलं होतं, आणि गाणं बोटाखाली थांबलं होतं. तेव्हापासून या पोरीचं वाघातसुद्धा मन लागेना.

आज ती घ्यायलाच आली होती. आपाकडे जुने टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारी यंत्रं, होते. पट्ट्यावर फिरणारी एक स्वस्त जोडी, आणि थेट मोटरीवर फिरणारा एक. दीपिकाच्या पैशात एकतर ती जोडी बसत होती, नाहीतर हा एकटा.

"एकटा घे," आपा म्हणाली. "शिकून राह्यली तं चांगल्यावर शीक. दुसरा मागून घेजो."

"नाई आपा. मले दोनच पाह्यजे."

हट्टाला कारण होतं. दीपिकाच्या गावात लग्नात रेला नाचतात. पोरींच्या दोन रांगा असतात. एका रांगेने ओळ गायची, दुसरीने ती उचलायची, मध्ये गाणं खाली पडू द्यायचं नाही. एका रांगेच्या तोंडाशी तिची थोरली बहीण मयुरी असायची, दुसरीच्या तोंडाशी ती स्वतः. मयुरी लग्न होऊन आलापल्लीला गेली आणि रेल्याची एक बाजूच गेली. आता गावातल्या लग्नांना भाड्याचा डीजे येतो, पोरं उड्या मारतात आणि पोरी भिंतीला टेकून बघतात. बहिणीवाचून दीपिकाचा जीव कशात रमत नव्हता. दोन रांगा तशा दोन तबकड्या, एवढा सरळ हिशेब तिने मनाशी केला होता, आणि मयुरीकडून फोनवर तिच्या आवाजातलं रेल्याचं गाणंही मागवून घेतलं होतं.

आपाच्या मुलाने, वाजिदने, ते गाणं लॅपटॉपमध्ये घेतलं. हल्लीच्या या तबकडीवर गाणं नसतंच. ते लॅपटॉपमधून वाजतं, पण तबकडी थांबवली की गाणंही थांबतं.

"मधी मधी लय रिकामं होतं," वाजिद म्हणाला. "कापून टाकलं. आता सलग वाजते."

जोडीतल्या एका टर्नटेबलवर मयुरी गाऊ लागली. ओळ संपली. दीपिकाने उत्तराला तोंड उघडलं, तोवर मयुरी पुढच्या ओळीवर गेलेली. मग त्याच्याही पुढच्या. वाजिदने जे रिकामं म्हणून कापलं होतं ती दीपिकाची जागा होती. सासरच्या स्वयंपाकघरात एकटीने गातानाही मयुरीने ती मोकळी सोडली होती. बिचाऱ्या वाजिदचा दोष नव्हता, त्याच्या धंद्यात आवाज बंद म्हणजे बिघाड. पण दीपिकाचा चेहरा पार उतरला.

"काऊन, चुकलं का?" वाजिदने विचारलं. "परत टाकून देतो."

तिने तबकडीवर बोट ठेवलं. मयुरी थांबली. दीपिकाने भर दुकानात आपली ओळ गायली आणि बोट उचललं. पट्टा कण्हत कण्हत फिरू लागला, आणि मयुरीचा आवाज आजारी माणसासारखा जड, ओढलेला आला. दीपिकाने कानच झाकले.

आपाने तबकडी उचलली आणि मोटरीच्या टर्नटेबलवर ठेवली.

इथे बोट सुटताच मयुरीने ओळ उचलली. अगदी तशीच, श्वासही न घेता. दीपिका हसली. ती थांबवत होती, गात होती, सोडत होती. बाहेरचे रिक्षावाले दाराशी येऊन उभे राहिले तरी तिला भान नव्हतं. शेवटी तिने आपली ओळ गायली, बोट उचललं आणि वाट पाहिली. तबकडी फिरत राहिली. मयुरीचं गाणं संपलं होतं.

दीपिका म्हणाली, "हाच द्या, आपा."

"अन् जोडी? मघापासून दोन दोन करून राह्यली होती."

दीपिकाचं बोट अजून तबकडीवरच होतं.

"आलापल्लीच्या जीपमधी बसली तवा मले तिले थांबवता आलं नाई," ती म्हणाली. "इथी मयुरी थांबते."