एकदा दाबलं, दोनदा सरकलं

वडिलांच्या हातात बशी वाजायची. कप नाही, बशीच.

मे महिन्यात यवतमाळची काळी माती फाटते. भेगेत पंजा घातला तर मनगटापर्यंत जातो.

लाडवांचा स्टीलचा डबा. चौकोनी. झाकणाला खिडकी कापलेली, आणि त्यावरून घरात झालेला अबोला.

घागऱ्यावर आरशाभोवती सुईने एक चौकडा भरतात. खेमसिंगच्या याडीला, म्हणजे आईला, तो दुसरीकडे बघत बोलता बोलता भरता यायचा.

उजवीकडे १०.००
उजवीकडे १२.००

बोट एकदाच टेकलं होतं.

*

आता हे तुकडे एका खोलीत आणू.

खोली अनंतची. घराच्या मागे, गेल्या हिवाळ्यात वाढवलेली. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली माणसं एकतर भजनाला लागतात, नाहीतर शेजाऱ्याशी भांडायला. अनंतने लाकूड कोरणारं सीएनसी मशीन जुळवलं. मशीनला हुकूम द्यायला आधी एक जुना कॉम्प्युटर होता. तो भुसा खाऊन खाऊन मेला. मग अनंतने ठरवलं की हुकूम देणारी पेटी आपणच करायची, लहानशी. तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, त्यावर सात इंची टचस्क्रीन, आणि दोन्ही बसतील असा डबा. असा डबा घरात एकच होता, आणि त्यात लाडू होते.

"लाडू काढले ना मी," तो बायकोला, रत्नप्रभाला, म्हणाला होता.

"कुठं काढले?"

"खाल्ले."

पडद्यावरची बटणं त्याने मराठीत केली. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मधोमध लाल, मोठं: थांब. एकदा दाबलं की मशीनचं डोकं एक मिलिमीटर सरकणार.

पण दाबलं एकदा, सरकलं दोनदा. कधी तीनदा. आणि डब्याची कड धरली की बोटांत बारीक मुंग्या.

प्रोग्राम त्याने पुन्हा पुन्हा तपासला. प्रोग्राम धुतल्या तांदळासारखा होता. मग तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागला.

वडिलांचंही मुंग्यांनीच सुरू झालं होतं. कंपवात. साठी उलटली आणि बशी वाजायला लागली. आधी घरात सगळे हसले, मग कुणीच हसेना. अनंतची साठी गेल्या वर्षी उलटली.

त्याने चहा बशीत ओतणं सोडलं.

*

खेमसिंग दिग्रसजवळच्या तांड्यावरचा. दोघांनी एकाच खात्यात, एकाच खिडकीजवळ नोकरी काढली. तांड्यावर त्याने नवं घर बांधलं होतं, आणि दाराच्या वरच्या सागवानी फळीवर त्याला याडीचा तो चौकडा कोरून हवा होता. घागऱ्याचा तुकडा त्याने जपून ठेवला होता. अनंतने त्याचा फोटो काढून रेघ न् रेघ कॉम्प्युटरवर उतरवली होती. फळी येऊन भिंतीला टेकली, तिच्यावर भुसा बसला, तरी काम काही सुरू होईना.

"काय अनंतराव," खेमसिंग दारातूनच ओरडला, "फळी कोरून राह्यले का तिचं लगन लावून राह्यले?"

"थोडं सेटिंग बाकी आहे."

"महिना झाला सेटिंगले! दार आडवं टाकून त्याच्यावर झोपून राह्यलो मी."

तो बूट घालूनच आत आला. अनंत मात्र इथे अनवाणीच असायचा. वडिलांची शिस्त: ज्यावर पोट चालतं त्याच्याजवळ चप्पल नको. पाडव्याच्या पूजेचं कुंकू अजून मशीनच्या माथ्यावर होतं.

"बूट..." अनंत पुटपुटला.

"काढाले अर्धा तास लागते, घालाले एक तास. माफ करा म्हणा मशीनले. हे काय, वहिनीचा डबा?"

आणि विचारायच्या आतच त्याने बोट टेकवलं.

उजवीकडे १.००

पुन्हा टेकवलं.

उजवीकडे २.००

"मस्त चालते की! कायचं सेटिंग?"

अनंतने पुढे होऊन बटण दाबलं. पडदा चारवर गेला. खेमसिंगने दाबलं, पाच. अनंतने दाबलं, आठ.

खेमसिंग हसला नाही. त्यानेही त्या हाताकडे पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवून फळीवरचा भुसा झटकायला लागला.

झालं. आता दुसरा पुरावा कशाला हवा? मशीन एकच, बटण एकच, बोटं दोन. एक बोट धड, एक नाही. अनंत स्टुलावर बसला. कूलरच्या वाऱ्याने फरशी दमट झाली होती, तळपायांना गार लागत होतं, आणि त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता: रत्नप्रभाला कधी सांगायचं.

"खेमसिंगभाऊ," तो म्हणाला, "फळी तुम्ही दुसरीकडे..."

तेवढ्यात रत्नप्रभा चहा घेऊन आली. अनवाणी, ओल्या हातांनी. ट्रे ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने आपलाच डबा हक्काने बाजूला सारला.

"माय वं!"

ट्रे वाचला. एक कप गेला.

"काय झालं?" अनंत उठला.

"चावला मला! डबा चावला! मुंग्याच मुंग्या, कोपरापर्यंत."

अनंत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बायकोला शॉक लागल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर पसरू नये असं होतं.

"मुंग्या? तुला?"

"मग काय शेजारणीला?"

"रत्ना, अजून एकदा हात लाव."

"काहून? विमा काढला का माझा?"

"वहिनी, लावू नका!" खेमसिंग मध्ये पडला. "याइचं डोकं फिरलं."

अनंत तोवर टेस्टर घेऊन आला होता. टोक डब्याला टेकवलं. टेस्टरचा दिवा लागला. एवढासा, केशरी. देवघरातल्या निरांजनाकडे सुद्धा त्याने कधी इतक्या भक्तीने पाहिलं नसेल.

"अर्थिंग नाही!" तो जवळजवळ नाचलाच. "डब्याला अर्थिंगच मिळत नाही! करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो, आणि पडद्याला वाटतं दोनदा दाबलं! मी अनवाणी, तू अनवाणी, फरशी ओली. यांचे बूट रबराचे! म्हणून यांना काही नाही!"

"पाहा, बूट चांगले असते," खेमसिंग म्हणाला. त्याचा आवाज एकाएकी मोकळा झाला होता.

मेन स्विच पाडला. अर्थिंगची हिरवी वायर भिंतीवरून खाली उतरत फरशीत शिरली होती. तिथे अनंतचं नाचणं थांबलं.

"इथेच होता ना अर्थिंगचा खड्डा?" त्याने विचारलं.

"इथेच. दर उन्हाळ्यात मी त्यात पोछ्याची बादली ओतायची. तांदळाचं धुवण ओतायची. तुम्हीच म्हणाले, आता इथं पाणी टाकू नको, फरशीला डाग पडते."

काळ्या मातीवरच्या घरांत उन्हाळ्यात माणसं तुळशीसारखं अर्थिंगच्या खड्ड्यालाही पाणी घालतात, हे अनंतला लहानपणापासून ठाऊक होतं. खोली वाढवायच्या नादात त्याने तोच खड्डा फरशीखाली घेतला, आणि वर पाण्याचीही बंदी केली. कोरडी माती आकसली, खड्ड्यात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यापासून सुटली.

छिन्नी त्यानेच चालवली. हातोडा छिन्नीच्या डोक्यावर नेमका पडत होता, दर वेळी. फरशी निघाली तेव्हा खाली भेगच भेग होती. रत्नप्रभाने बादली ओतली. माती घट घट पीत राहिली, जशी काही सगळा उन्हाळा हाक मारून दमली होती.

खड्ड्यात ओल टिकावी म्हणून खेमसिंग स्वयंपाकघरातून मिठाचा पुडा घेऊन आला. "तुमचं मीठ आम्ही खाल्लं, आता तुमची जमीन खाईल."

"अख्खा पुडा नको हो," रत्नप्रभा म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ लावूनच ठेवला. कपाच्या काचा गोळा करायच्या आहेत म्हणाली. काचा खेमसिंगने कधीच गोळा केल्या होत्या.

मेन स्विच पुन्हा चालू केला, टेस्टर डब्याला टेकवला. दिवा लागला नाही.

अनंतने पाय ओल्या फरशीवर नीट रोवले. उजवा हात पुढे केला. बोट टेकलं.

उजवीकडे १.००

"अजून," रत्नप्रभा म्हणाली.

उजवीकडे २.००

"अजून."

ती म्हणत राहिली, तो दाबत राहिला, आणि मशीनचं डोकं शिस्तीत एकेक पाऊल टाकत पार कडेपर्यंत गेलं.

"आता फळी घ्या तिच्यायला!" खेमसिंग म्हणाला.

फळी चढली. कोरणारं बिट सागवानात उतरलं आणि खोलीभर तेलकट, गोडसर वास सुटला. पहिला आरसा जिथे बसायचा तो गोल उमटला, त्याभोवती चौकड्याची पहिली बाजू. खेमसिंग टोपी काढून वाकला, अगदी जवळ, भुसा डोळ्यांत जाईल इतका. चहा गार झाला होता. अनंतने तो बशीत ओतून घेतला.

रत्नप्रभाने नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ, अनंतला न सांगता, एप्रिलमध्येच घेऊन ठेवली होती.