माझा चालक मागे उभा असतो

मी हौद नाही. होटगीच्या शिवारात मल्लप्पाच्या विहिरीपाशी म्हशी माझ्यात तोंड घालून पाणी पितात, येणारेजाणारे माझ्या काठावर पाय घासतात, आणि "हौद बरा मिळाला" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाची लाहीलाही होते. मी माणसाला पाण्यावर उभं करून पळवणारं यंत्र आहे.

माझा जन्म परदेशातला. आकार लहान होडीचा, पण बसायला जागा नाही, कारण माझ्यात कुणी बसायचंच नसतं. पोटात पेट्रोलचं इंजिन. मागे लांब दोर, दोराच्या टोकाला हँडल. पायांना फळ्या बांधलेला माणूस ते धरून माझ्यामागे पाण्यावर उभा राहतो. हँडलच्या कळा दाबून तोच मला पळवतो, तोच वळवतो. त्याचा हात सुटला की मी थांबतो. यात न समजण्यासारखं काय आहे?

गिरणीची यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने मला सोलापुरात आणलं आणि बिघडल्यावर बंगल्याच्या पडवीत टाकून तो मायदेशी गेला. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिथून मला विकत घेतलं चांदसाबने. भवानी पेठेत त्याचं पंप आणि इंजिनं दुरुस्तीचं दुकान. मला हातगाडीवरून उतरवताना त्याची बायको अनवरी दारात उभी होती.

"ये क्या उठा लाए?"

"पानी पे चलाने का मशीन."

"पीने कू पानी नईं, चलाने कू कां से लाते?"

पेठ हसली. चांदसाब माझ्यावरची धूळ पुसत म्हणाला, "जिंदगीभर लोकां के मशीन चालू करके दिया. चालू हुआ के वो बैठ के चले जाते. ये एक मैं चलाऊंगा."

त्याने मला पुरतं खोललं. दोरातली तार तुटली होती, तसली इथे मिळेना. त्याने स्कूटरच्या क्लचच्या तारा एकीला एक जोडल्या आणि प्रत्येक जोड बोटांनी चाचपून पाहिला. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

पण ते बहात्तर साल होतं. पाऊस नव्हता. चांदसाबचा मित्र मल्लप्पा याच्या विहिरीला खोल पाणी लागलं होतं, ते उपसायला इंजिन मिळत नव्हतं.

"ह्येचंच दे की," मल्लप्पा म्हणाला.

"देतो. एकदा तळ्यावर चालवू दे, मग न्ये."

तळं रोज आटत होतं. आम्ही गेलो, तर राखणदार रामहरी आडवा आला. "नाव हाय, तर नावाडी कुटं हाय? आत माणूस बसल्याबिगर सोडायची न्हाय."

कितीही सांगितलं, पटेना. शेवटी माझ्या तळाला चार भोकं पाडून स्कूटरची जुनी सीट ठोकली. माझ्यावर सीट! तिच्यावर पटका सावरत मल्लप्पा बसला. जेमतेम काठ सोडला आणि त्याच्या वजनाने माझं नाक पाण्यात गेलं, इंजिनात पाणी शिरलं.

"इंजिन बुडालं," कपडे धुणाऱ्या बाया हसल्या.

"नावाडी बी," मल्लप्पा धोतर पिळत म्हणाला. मग रामहरीकडे वळला. "काय रं, तुजा बा कुळव कसा हाणायचा?"

"कासरा धरून."

"बैलावर बसून?"

"बैलावर कशाला बसंल? मागनं की."

"मग ह्यो बी मागनंच हाणतोय."

रामहरीने माझ्याभोवती एक फेरी मारली. "आन् कासरा?"

चांदसाबने हँडल त्याच्या हातात दिलं. कळ दाबताच माझं सुकाणू हललं. त्याने पुन्हा दाबून पाहिली. "सोडा," तो म्हणाला.

सीट काढून, भोकांत डांबर भरून, इंजिन सुकवून आम्ही पुन्हा आलो, तेव्हा काठाचा गाळ भेगाळला होता. चांदसाब पडला, पुन्हा पडला, नाकातोंडात पाणी गेलं. मग दोर ताणला गेला आणि तो मागे ताठ उभा राहिला. उरलेलं सगळं तळं आम्ही पालथं घातलं. त्याने सांगितलं तिकडे मी वळलो. त्याने हात सोडला, तिथे थांबलो.

बांधावरचे लोक काय म्हणाले? "बिनमाणसाची नाव बगा." बिनमाणसाची! अरे, माणूस मागे घामाघूम उभा होता, तो कुणाला दिसला नाही?

चांदसाबने शब्द पाळला. माझं इंजिन विहिरीवर बसवलं, पेट्रोलची सवय मोडून त्याला रॉकेल पाजलं. रिकामा मी शेजारी. आता माझंच इंजिन पाणी उपसून माझ्यात ओततं. सीटच्या भोकांत डांबर भरलंय, तरी एक गळतंच.

परवा खंडेनवमीला मल्लप्पाने इंजिनाला झेंडूचा हार घातला. माझ्याकडे पाहून थबकला. "चांदसाब, ह्येला बी घालू म्हंतो. पर त्ये हँडल कुटं हाय? त्येलाच घातला असता."

"दुकानात हाय. खिळ्याला."

"आन की मग. हितंच बांधू."

"इंजिन मागितलंस, दिलं," चांदसाब नळी आवळत म्हणाला. "ह्यो सांगाडा मागितलास, दिला. त्ये मागू नगंस."

म्हशींना पाजा, पाय धुवा. पण मला कोण चालवत होतं असं विचारायचं असेल, तर भवानी पेठेत जा. खिळ्यावरच्या त्या हँडलला अजून कुणीतरी तेल देतं.