फादर हूबर्टच्या क्रुसाला आलेले अश्रू

क्रूस पाझरायला लागला आणि हॉलभर हुंदके फुटले. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनजवळच्या एका बंद पडलेल्या चर्चचा हा हॉल. बाहेर भुरभुर पाऊस, आत आपली माणसं ओल्या जॅकेटांसकट दाटीवाटीने बसलेली. स्वयंघोषित गुरू जयेशने क्रुसाची काचेची पेटी उघडून तासभर प्रवचन झोडलं होतं. आता तो गहिवरून म्हणाला, "बघा, फादर हूबर्ट रडतायत. शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांनी नुसत्या हाताने माणसं बरी केली. औषध म्हणजे डाउट, आणि डाउट आला की कनेक्शन कट." हा अध्यात्म सांगत होता की वायफाय दुरुस्त करत होता, देव जाणे. लोक मात्र माना डोलवत होते.

सुनेत्राने हात जोडले. तिच्या आठ वर्षांच्या ईशानीला मधुमेह होता, रोज इन्सुलिन टोचावं लागे. सुनेत्रा वांद्र्यात वाढलेली, तिथल्या चर्चमधल्या मोतमाऊलीला मेणबत्त्या लावलेली. तिला क्रूस परका वाटला नाही. ती नवस बोलली. "ताई, नवस फिटेपर्यंत सुई नको," जयेशने बजावलं. नवस मोडला तर पोरीवर उलटेल, या धास्तीने तिने नवऱ्यालाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ईशानी ओकायला लागली. "आई, डोर्स्ट," असं डचमध्ये तहान तहान म्हणत सारखी पाणी मागत राहिली. संध्याकाळी ती हाकेला ओ देईना, तेव्हा तिच्या बाबांनी, राजनने, ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी शेवटचं इन्सुलिन कधी दिलं ते विचारलं आणि सुनेत्राला खरं सांगावं लागलं. राजनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ती मैत्रिणीला, मंजूषाला, घेऊन हॉलवर गेली. मंजूषा शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जयेशने पेटी उघडताच तिने क्रुसाशेजारी बशीत खडेमिठाचा एक ओबडधोबड खडा ठेवला. प्रवचन संपेपर्यंत क्रूस पाझरला आणि खडाही पाझरला.

"श्रद्धेची चेष्टा करू नका," जयेश गुरगुरला.

"चेष्टा तुम्ही मांडलीय. वाळवंटात लाकूड मिळेना, म्हणून फादरांनी खाऱ्या तळ्यातल्या मिठाचा क्रूस केला. तिथल्या कोरड्या हवेत तो कोरडा राहिला. इथे तो हवेतला ओलावा ओढतो, आपल्या श्वासातलाही." मंजूषाने पेटीतली मखमल उचलली. खाली नव्या बुटांच्या खोक्यात असतात तसल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या खच्चून भरल्या होत्या. "आठवडाभर सुकवायचा आणि गर्दी जमली की उघडायचा. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तेव्हा आपण त्याची आरती करतो का?"

फादर हूबर्ट याच गावचा. त्याचं खरं आयुष्य गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, मंजूषाने ते त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. परक्या सरकारच्या लष्करी ठाण्याआडून तो धर्म पसरवायला गेला, तेव्हा त्याला संत करायचं कारण नाही. पण उंटावर औषधांची पेटी लादून तो तांड्यातांड्यांतून हिंडला, तापकऱ्यांना हिवतापावरचं क्विनाइन देत राहिला. क्विनाइन संपलं, आणि तो स्वतः तापानेच गेला. त्याच्याच नावावर जयेश औषधं बंद करत होता.

जयेश निगेटिव्ह एनर्जीबद्दल काहीतरी पुटपुटत पेटी आवरू लागला. तेव्हा सुनेत्रा उठली.

"माझी मुलगी शुद्धीवर आलीय, पण तिला अजून उभं राहवत नाही. ती मला विचारते, तू सुई का दिली नाहीस. तुम्ही नवस बोला, मेणबत्ती लावा, मी कोण अडवणार. पण इथे ज्यांनी ज्यांनी गोळ्या थांबवल्या असतील, त्यांनी घरी जाईपर्यंतसुद्धा थांबू नका. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लावा."