ओढून बघितलेलं कुलूप

पीएचडीसाठी या गावात येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते, तेवढ्यात तिचं नाव पडलं होतं: कुलूपवाली. गावाचा तरी काय दोष! कॉलेज, दोन रस्ते, एक पोस्ट आणि दिवसातून दोनदा येणारी बस एवढाच पसारा. चोर चोरी करून जाणार कुठे? दारं नुसती लोटून घ्यायची पद्धत. आणि ही चौथ्या मजल्यावर तीन कुलपांच्या आड वाढलेली. खोलीला कडी नाही म्हणून पहिल्याच दिवशी तिने दाराला ट्रंक लावली. सकाळी घरमालकीण मावशी दूध घेऊन आल्या, त्या ट्रंक ढकलतच आत शिरल्या. दुपारपर्यंत ही गोष्ट पोस्टमनलाही ठाऊक होती.

रोज फोनवर आईचा एकच प्रश्न, "कुलूप लावलंस ना? ओढून बघितलंस ना?" जेवलीस का, हा दुसरा.

तिची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजमागची लांबट पत्र्याची शेड. आत पाण्याच्या टाक्या आणि त्यांतल्या तीन टाक्यांत ताईची माशांची पिल्लं, पापणीच्या केसाएवढी. ताई तिची सीनियर, त्याच गाईड सरांकडे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. आधीच्या दोन वर्षी सगळी पिल्लं दहाव्या दिवसाच्या आत मेली होती. या खेपेला एकोणिसावा दिवस उजाडला होता आणि ताई शेडमध्ये मोठ्याने बोलतसुद्धा नव्हती. रोज सकाळी सातला लाईट जायची, टाकीतला हवेचा पंप थांबायचा. मग अर्ध्या तासाच्या आत शेडमध्ये जाऊन हाताने बॅटरीचा पंप सुरू करायचा, एवढं सांभाळलं की झालं.

रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी ती शेडपाशी पोचली, तर ताई दोन्ही हातांनी दाराचं कुलूप खेचत होती.

"कुणी लावलं हे?" ताईचा आवाज चिरकला. "अगं, याची किल्ली केव्हाचीच हरवलीये! कडी वाजू नये म्हणून नुसतं अडकवलेलं असतं ते!"

काल संध्याकाळी शेवटी निघाली ती हीच. कोयंड्यात उघडं कुलूप लोंबत होतं. किती निष्काळजी लोक, असं मनात म्हणत तिने ते दाबून लावलं, आणि आईच्या शिस्तीप्रमाणे दोनदा ओढूनही बघितलं.

सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात शिपाईकाका धापा टाकत आले. ताई त्यांच्यावर तुटून पडली.

"काका, तुम्हीच ना? परवा सरांच्या केबिनची किल्ली फ्रिजमध्ये सापडली, आणि आज हे!"

काका कुलपाकडे बघत राहिले. शेड साफ करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. हल्ली ते विसरायला लागले होते आणि ते सगळ्यांनाच दिसत होतं. आणखी एक चूक झाली तर घरी बसावं लागेल, असं सरांनी त्यांना चारचौघांत बजावलं होतं.

"मीच लावलं असेल बाई," ते हळूच म्हणाले. "आठवत नाही. पण लावलं असेल."

आता बोल, ती स्वतःला म्हणाली. पण तिचा तरी प्रवेश कुठे पक्का होता? पहिला महिना काम बघेन, मग ठरवेन, हे सरांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं. घरी वडील तर वाटच बघत होते, चार दिवसांत परत येईल म्हणून.

काका लोखंड कापायची करवत घेऊन आले आणि कोयंड्याला भिडले. सात वीस. खिडकीला जाळी, पलीकडे टाक्या, पंपाचा आवाज नाही. काकांच्या हातातली करवत घसरत होती. तिने करवत मागितली, तर ते देईनात.

"माझी चूक आहे, मलाच करू दे."

सात पस्तीसला कोयंडा तुटला. ताई धावत आत गेली आणि पंप घरघरायला लागला. पहिल्या दोन टाक्यांतली पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तडफडत होती, पण जिवंत होती. तिसऱ्या टाकीत तळाशी पांढरा थर बसला होता. ताई त्या टाकीजवळ उकिडवी बसली.

तेवढ्यात सायकलवरून सर आले. तुटका कोयंडा पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "कोण?"

काका पुढे झाले. "साहेब, माझ्याच हातून. मला आता काही उमजत नाही. सोमवारी मी अर्ज देतो."

"कुलूप मी लावलं," ती म्हणाली. "काल संध्याकाळी. दोनदा ओढूनही बघितलं. काकांनी हात लावलेला नाही. सकाळपासून मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

सरांनी चष्मा काढला. ताईने मान वर करून तिच्याकडे जे बघितलं, ते ती जन्मात विसरणार नव्हती. तिने मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

काका मात्र तिच्यासमोर येऊन उभे राहिले. आता हे बोलणार आणि आपण ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

"मी लावलं, काका. तुम्ही नाही."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"नाही काका. शपथ."

काका मटकन पायरीवर बसले. हातातली करवत खाली पडली. "कुलूप लावल्याचं आठवावं म्हणून मघापासून जिवाचा आटापिटा करतोय," ते म्हणाले, "आणि आठवतच नव्हतं." मग दोन्ही हातांत तोंड लपवून ते लहान मुलासारखे रडायला लागले. त्या रडण्यात किती सुटका होती, ते तिला नीट कळलं, आणि म्हणूनच तिला तिथे उभं राहवेना.

"सरांचं सर बघतील," आतून ताईचा आवाज आला, कोरडा. "आधी बादली घे. मेलेली बाजूला काढायचीत."

ती आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.