गोफणीचा हात आणि मी

मित्रांनो, मला तोंड आहे, गळा आहे, पण हात नाही. म्हणून आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हातांचाच विचार करत आले. सोलापुरातल्या एका शाळेत खेळाच्या सामानाचं लोखंडी कपाट आहे. त्यातली जुनी टेनिस रॅकेट म्हणजे मी.

लाकडाची म्हणू नका हं, राग येतो. लाकडाच्या होत्या त्या माझ्या आज्या-पणज्या. मी ग्राफाइटची. काळ्या धाग्यांचे थर चिकट रसायनात भिजवून, साच्यात घालून, भट्टीत भाजून मला घडवलं. मग यंत्राने ताणून ताणून तारा भरल्या. पहिला चेंडू लागला तेव्हा सगळं अंग झणझणलं आणि मला प्रश्न पडला, हा जोर येतो तरी कुठून?

माझा पहिला मालक अभिमन्यू अकलूजहून शिकायला आलेला. दंड असे की शर्टाच्या बाह्या आवळायच्या. उजव्या बाजूने येणाऱ्या चेंडूला मारायचा फटका, म्हणजे फोरहँड, तो नुसत्या हाताने हाणायचा. पाय रोवलेले, कंबर जागच्या जागी आणि हात मात्र गरागरा. बघणारे वाहवा करायचे, मीही फुगायचे. पण चेंडू दमल्यासारखा जायचा आणि अभिमन्यू घरी जाऊन खांद्याला मलम चोळायचा. शाळा संपल्यावर तो पुण्याला गेला आणि जाताना मला शाळेला देऊन गेला. मग कपाट. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, ते कपाट तव्यासारखं तापायचं. तारा ढिल्या पडल्या, मुठीवरची पट्टी चिकचिकीत झाली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला बाहेर काढलं ते प्रियदर्शनीने. नववीतली मुलगी, मंद्रूपची. तिचे वडील बिरदेव गावाकडे मेंढरं सांभाळतात, थोडी जिरायत शेती करतात, आणि ती शाळेच्या वसतिगृहात राहते. टेनिस शिकवणाऱ्या सोमलिंग सरांनी माझ्यात नव्या तारा भरून घेतल्या, नवी पट्टी गुंडाळली आणि मला तिच्या हातात दिलं.

तिने पहिला फोरहँड मारायला मला मागे नेलं आणि मी चक्रावलेच. तिचा डावा खांदा आपोआप जाळीकडे वळला. उजवा गुडघा वाकला. पायाने जमीन रेटली, मग कंबर फिरली, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर, आणि सगळ्यात शेवटी मी, दोरीच्या टोकासारखी, सपकन. अभिमन्यूच्या निम्मासुद्धा नव्हता तिचा दंड. पण जोर म्हणाल तर पुराच्या पाण्याचा. तो हातात तयारच होत नव्हता, हात म्हणजे नुसती त्याची वाट. निघत होता तो तळपायातून. इतक्या वर्षांनी मला माझं उत्तर मिळालं होतं.

आणि नेमकी चेंडू लागायच्या क्षणी तिची बोटं उघडली.

मी मुठीत गर्रकन फिरले. चेंडू कुंपणापलीकडच्या लिंबाच्या झाडात. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एवढा मोठा जोर अगदी माझ्यापर्यंत यायचा आणि तिथे हात मला वाऱ्यावर सोडून द्यायचा. का, ते मला समजेना. सरांना तर बोटं उघडलेली दिसायचीच नाहीत, डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्यात सगळं होऊन जायचं. त्यांना वाटलं मनगट कच्चं आहे. त्यांनी तिला ओला सोलापुरी टॉवेल पिळायला लावला. मूठ घट्ट आवळायला सांगितली. तिने आवळली तर जोर कोपरातच अडकला आणि चेंडू जाळीच्या पायथ्याशी लोळला. शेजारच्या कोर्टवर खेळणारी काव्या हुशार होती आणि जिभेची तिखटही.

"प्रियू, बॉल मारायलीस का पाखरं हाकलायलीस गं?"

सगळ्या हसल्या. प्रियदर्शनीही हसली, पण माझ्या मुठीवरची तिची पकड घामाने भिजली होती.

कारण जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी शाळेचा संघ निवडायचा होता. एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी काव्या आणि प्रियदर्शनी यांचा सामना लागणार होता. शाळेचा नियम असा की संघातल्या मुलींना सकाळचं कोर्ट आणि नवी रॅकेट मिळायची. बाकीच्यांनी रॅकेट कपाटात जमा करायची, खेळ बंद. गंमत बघा, ती जिंकली काय नि हरली काय, मी कपाटातच जाणार. तरी मला तिने जिंकावंसं वाटत होतं. असा जोर पुन्हा कुठे भेटला असता मला?

सामन्याआधीच्या सरावात तर हद्द झाली. मी तिच्या हातातून सुटले, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि पाण्याच्या पिंपावर आदळले. सर धावत आले. ती कावरीबावरी झाली. म्हणाली, "सर, मी सोडत न्हाय ओ. आपोआप सुटतंय."

त्या रविवारी ती मला घेऊन मंद्रूपला गेली. ज्वारी हुरड्यात आली होती आणि चिमण्यांचे थवे कणसांवर तुटून पडत होते. बिरदेवांनी मला माळ्याच्या खांबाला टांगलं. माळा म्हणजे राखणीसाठी शेतात बांधलेला उंच मांडव. लेकीच्या हातात त्यांनी गोफण दिली. तिने विणलेल्या खोबणीत मातीचा गुंडा ठेवला, दोन्ही दोर मुठीत धरले, गोफण फिरवली आणि गुंडा सोडला.

मित्रांनो, मी खांबावर लटकल्या लटकल्या थरारले. तोच पाय, तीच कंबर, तोच खांदा, आणि शेवटी तीच उघडणारी बोटं. ही मुलगी माझ्याशी टेनिस खेळतच नव्हती. लहानपणापासून ती जे करत आली होती तेच माझ्याशी करत होती. नेम धरून सोडायचं, सोडलं तरच गुंडा जातो. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिने वडिलांना रॅकेट हातातून सुटून पिंपावर आदळल्याची गोष्ट सांगितली. बिरदेव पोट धरून हसले.

"अगं, गोफणीचं एक टोक बोटात अडकवल्यालं असतंय की. ते कुटं सोडतीस? दोन्ही सोडलंस तर दगडासंगं गोफणबी जाईल."

ते कणसं बघायला निघूनही गेले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. प्रियदर्शनी मात्र हातातली गोफण निरखत बसली. फासा बोटात, तो कायमचा. दुसरा दोर अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत, तोच तेवढा सुटायचा. तिने मला खांबावरून काढलं. करंगळी आणि शेजारची दोन बोटं माझ्या मुठीभोवती आवळली, जणू तोच फासा. अंगठा आणि पहिलं बोट हलकं ठेवलं. हवेत एक फटका मारला. मी सपकन गेले, पण हातातच राहिले. तिने पुन्हा मारला. ज्वारीच्या बांधावर उभी राहून ती मला फिरवत होती आणि चिमण्या खुशाल दाणे टिपत होत्या.

सोमवारी तिने गोफण शाळेत आणली. सरांनी मोकळ्या मैदानात चेंडू घालून फिरवून बघितली तर चेंडू त्यांच्याच मागे गेला. त्यांना मोठी मौज वाटली. पुन्हा पुन्हा तिलाच करायला लावून ते तिच्या पायांपाशी बसून, वाकून बघत राहिले. मग म्हणाले की इथवर झकास आहे, पण गोफणीत गुंडा लांब गेला की काम झालं, इथे तो रेघेच्या आत पडायला हवा. मला चेंडूच्या खालून वर घासत न्यायला त्यांनी तिला शिकवलं, म्हणजे चेंडू गोल फिरत जातो आणि पलीकडे टपकन खाली उतरतो. चेंडू अंगाजवळ येऊ न देता पुढेच गाठायचा, आणि फटका संपला की मी तिच्या डाव्या खांद्यावर जाऊन विसावायचं. आता माझ्या अंगातून जोर आरपार जायला लागला. असं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

सामन्यात काव्याने तिला सुरुवातीला नाचवलं. लांब पळवलं, डाव्या बाजूला कोंडलं. जुनी सवय दोनदा उफाळली आणि दोन चेंडू लिंबात गेले. पण प्रियदर्शनी हटली नाही. हळूहळू बरोबरी झाली आणि शेवटचा गुण आला. काव्याचा चेंडू उजवीकडे पडला. खांदा वळला, पाय रेटला, कंबर फिरली. करंगळीचा फासा पक्का होता. चेंडू माझ्या बरोबर मधोमध लागला आणि त्याच क्षणी माझी मधली तार तटकन तुटली.

चेंडू रेघेच्या आत, कोपऱ्यात पडून उसळला. काव्या पोहोचलीच नाही. जाळीपाशी येऊन तिने हात मिळवला.

"पाखरं गेली बघ सगळी," ती म्हणाली, "आता मलाबी शिकव ते."

संध्याकाळी नवी निळी रॅकेट प्रियदर्शनीच्या हातात आली. मी बाकावर पडून होते, मनातून थोडी हिरमुसलेली. वाटलं, आता मला तशीच कपाटात टाकतील. पण सरांनी तिला सांगितलं होतं की एक तार तुटली की उरलेल्या तारा एकाच बाजूने ओढतात आणि रॅकेट वाकडी होते. तिने कात्री आणली. मधून कडेकडे येत, एक या बाजूची, एक त्या बाजूची, अशा सगळ्या तारा हलक्या हाताने कापल्या. मुठीवरचा घाम पुसला. मला उन्हाच्या भिंतीपासून लांब, कपाटाच्या सावलीतल्या खणात ठेवलं. एक बोट माझ्या गळ्यावरून फिरवलं आणि पळाली. नव्या रॅकेटची घाई होती तिला, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा मित्रांनो, आमची एवढी काळजी घ्या. आम्हाला तापलेल्या पत्र्याखाली टाकू नका. तुटलेली तार तशीच ठेवू नका. आणि एखादा हात चुकला तर त्याला लगेच कच्चा म्हणू नका, तो आधी काय करत आला आहे ते विचारा.

मी अजून सरळ आहे. माझ्यात फक्त तारा भरायला हव्यात. उद्या मला कोण उचलेल? हातमागावर धोटा फेकणाऱ्या घरातली कुणी, की भाकरी थापणारी, की लेझीम खेळणारी? त्या हाताला काय काय येत असेल? मला बघायचंय.